उद्देशिकेतला चौथा शब्द : बंधुता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर



परिपाठात आपण उद्देशिका म्हणतो. न्याय, स्वातंत्र्य, समानता हे शब्द मुलं खणखणीत आवाजात म्हणतात. चौथ्या शब्दापाशी आवाज पडतो. एक तर तोवर दम संपलेला असतो, आणि बंधुतेच्या पुढे 'प्रवर्धित' हा शब्द येतो तिथे निम्मा वर्ग अडखळतो. अर्थ विचारला तर न्याय म्हणजे कोर्ट, स्वातंत्र्य म्हणजे १५ ऑगस्ट, समानता म्हणजे सगळ्यांना सारखं. आणि बंधुता? "भावासारखं राहायचं, मॅडम." उत्तर चूक नाही. पण भाऊ-भाऊ घरी कसे राहतात हे मुलांनाच आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आज या एका शब्दाबद्दल सविस्तर पाहू. दुभंगलेला समाज जोडणं आणि त्यातून लोकशाही उभी करणं हा विषय निघाला की पुस्तकांत बहुतेक वेळा दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेला यांचं उदाहरण येतं. ते यावंच. पण नागपूरच्या मुलांसाठी याच विषयाचं उदाहरण दीक्षाभूमीइतकं जवळ आहे. बाबासाहेबांना आपण 'घटनेचे शिल्पकार' म्हणून एका ओळीत सांगतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तुटलेली माणसं एकत्र यावीत म्हणून ते काय करत होते, आणि मुख्य म्हणजे कोणत्या अटीवर, हे राहूनच जातं.

मसूरचं स्टेशन

सुरुवात लहान मुलांना कळेल अशा प्रसंगाने करावी. साल १९०१ च्या आसपासचं. भीमराव नऊ-दहा वर्षांचा. घर साताऱ्याला. वडील रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. वडिलांनी सुट्टीत मुलांना बोलावलं. नवे कपडे, रेल्वेचा प्रवास, मुलं खुशीत. भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि भाचा मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं, कारण मुलं येणार असल्याचं वडिलांना कळलंच नव्हतं.

स्टेशन मास्तरने विचारपूस केली. कपडे चांगले, बोलणं चांगलं. मग जात विचारली. भीमरावाने सांगून टाकलं. मास्तर चार पावलं मागे सरकला. बैलगाडीवाले बाहेर उभे होते, पण या मुलांना गाडीत घ्यायला एकही तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली, आणि तीही अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम पडला. डब्यात जेवण होतं, पाणी नव्हतं. पाणी कोणी दिलं नाही. मुलं उपाशीच झोपली.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. वर्गात सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काहून नाही दिलं पाणी, मॅडम?" माझा अनुभव असा आहे, की या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. "पूर्वी असं होतं" एवढं म्हटलं की विषय संपतो. उलट मुलांनाच विचारावं, की त्या रात्री पाणी द्यायला खर्च किती आला असता? काहीच नाही. मास्तर शिकलेला होता, गाडीवानाला पैसे हवे होते. म्हणजे अडाणीपणा किंवा गरिबी हे कारण नव्हतं. मुलं इथे गप्प होतात, आणि ती शांतता धड्याच्या कामाची असते.

वंश नाही, जात

दक्षिण आफ्रिकेत भेद कातडीच्या रंगावरून होता. आपल्याकडे पाणी नाकारणारा आणि तहानलेला, दोघांचा रंग एकच, भाषा एकच, बऱ्याचदा गावही एकच. 'जातिभेद म्हणजे वंशभेद' हे मत बाबासाहेबांनी खोडून काढलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं होतं. त्यातली मतं न पटल्यामुळे मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, हा मुद्दा त्यात आहे. जात ही एकाच वंशाच्या लोकांत घातलेली फूट आहे, असं त्यांचं म्हणणं.

तरी अन्यायाचं नातं त्यांनी ओळखलं होतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करणार असल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि त्याची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉइस यांनी लगेच उत्तर पाठवलं. बाबासाहेब तरुणपणी, १९१३ ते १९१६ या काळात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. तिथे जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्य चालवायची पद्धत नाही, ती आधी एकमेकांसोबत जगायची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. आपला आजचा शब्द इथूनच समजायला लागतो.

महाड : दार कोणी उघडायचं?

चवदार तळ्याचा सत्याग्रह मुलांना माहीत असतो. पण त्याची आधीची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर दार उघडलं होतं. तरी तीन वर्षं तळ्यावर जायची कोणाची हिंमत झाली नाही. कायदा पुढे गेला होता आणि गाव होतं तिथेच होतं.

२० मार्च १९२७ ला परिषदेतले हजारो लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमावाने परतणाऱ्या माणसांवर हल्ला केला. बाबासाहेबांच्या लोकांत सैन्यात नोकरी केलेली माणसं होती, उलट वार करणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मग तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली. या वेळी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की सत्याग्रहात एकही ब्राह्मण नको. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. आपलं भांडण ब्राह्मण माणसांशी नाही, उच्च-नीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि ती बोलण्यापुरती नव्हती. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. महाडच्या कामात पुढे असलेले अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस कायस्थ प्रभू होते.

मला वाटतं, वर्गात महाड शिकवताना हा भाग गाळू नये. आपल्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. धडा नुसता 'त्यांनी आपल्यावर अन्याय केला' किंवा 'आमच्या लोकांनी केला' असा पोचला तर एक बाक रागाने बसतो, दुसरा मान खाली घालून बसतो. सहस्रबुद्धे, चित्रे, टिपणीस ही नावं घेतली की दुसऱ्या बाकाला कळतं, की जन्म कुठेही होवो, उभं कुठे राहायचं हे ठरवता येतं. मात्र यावरून 'सगळं गोडीगुलाबीने झालं' असा समज होऊ देऊ नये. कोर्टाने मनाई केल्यामुळे डिसेंबरचा सत्याग्रह स्थगित झाला, आणि तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. पाण्यासाठी दहा वर्षं!

त्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की आम्ही केवळ पाण्यासाठी तळ्यावर जात नाही, आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो. बंधुतेची त्यांची अट इथे दिसते. आधी माणूस म्हणून मान्य करा, मग हात मिळवू. आधी हात मिळवा, हक्कांचं नंतर बघू, हे त्यांना कधीच मान्य झालं नाही.

तडजोड वेगळी, समेट वेगळा

पुणे करार थोडक्यात सांगते, कारण त्यावर वाद खूप आहेत आणि प्राथमिकच्या मुलांना ते सगळे पेलणारे नाहीत. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याला विरोध म्हणून गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केलं. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. त्यातल्या २० आपल्या मध्यप्रांताच्या, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती.

पुष्कळ पुस्तकांत हा प्रसंग 'दोन महापुरुषांचा समेट' म्हणून रंगवलेला असतो. ते मला पटत नाही. एकीकडे गांधीजींचे प्राण पणाला लागलेले. त्यांना काही झालं असतं तर गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर काय वेळ आली असती, ही दुसरीकडची भीती. अशा वेळी सही करावी लागणं ही तडजोड. बाबासाहेबांनी पुढे या करारावर कडक टीका केली. समेट दोन्ही बाजूंनी मोकळ्या मनाने व्हावा लागतो, हे मुलांना त्यांच्याच भाषेत सांगता येतं. मधल्या सुट्टीत मोठ्या मुलाने दंड धरून "सॉरी म्हण" म्हटलं आणि लहान्याने म्हटलं, तर भांडण मिटलं का? उत्तर मुलं बरोबर देतात.

संविधान सभेत

आता आपल्या शब्दाकडे येऊ. १३ डिसेंबर १९४६ ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. उद्देशिकेचा पाया तोच. त्यात न्याय आहे, स्वातंत्र्य आहे, समानता आहे. बंधुता हा शब्द मात्र त्यात नाही! तो बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घातला. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर करताना दिलेल्या पत्रात त्यांनी तसं सांगितलंही आहे, की हा शब्द ठरावात नसला तरी देशात बंधुभावाची आणि सद्भावनेची इतकी गरज पूर्वी कधीच नव्हती, म्हणून समितीने तो घेतला. तारीख नीट बघा. फाळणीची जखम ओली आहे, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या आहेत, गांधीजींची हत्या होऊन महिनाही झालेला नाही. त्या दिवसांत शब्द घातला तो हा.

शब्दांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. बंधुता कशाची हमी देणारी? आधी व्यक्तीच्या प्रतिष्ठेची, मग राष्ट्राच्या एकतेची. मसूरच्या स्टेशनवर ज्याची प्रतिष्ठा गेली त्याला एकतेच्या गोष्टी नंतर सांगा, आधी पाणी द्या, असंच जणू.

याच्याही आधी, १७ डिसेंबर १९४६ ला, बाबासाहेब त्या ठरावावर बोलायला उठले होते. मुस्लिम लीगने सभेवर बहिष्कार टाकलेला होता. काँग्रेसशी बाबासाहेबांचं वर्षानुवर्षांचं भांडण, त्यामुळे आता हे काय बोलतात याची अनेकांना धास्ती होती. ते म्हणाले, की आज आपण विभागलेले आहोत, एकमेकांविरुद्ध उभ्या छावण्या आहेत आणि त्यातल्या एका छावणीचा पुढारी कदाचित मीही आहे. तरी वेळ आणि परिस्थिती मिळाली तर हा देश एक होण्यावाचून राहणार नाही. जे सोबत यायला तयार नाहीत त्यांच्या मनातल्या शंकांसाठी बहुसंख्यांनी थोडं मागे सरावं, असं आवाहन त्यांनी केलं. ज्याला मसूरला पाणी मिळालं नव्हतं तो माणूस हे सांगतोय, हे मुलांच्या लक्षात आणून द्यायला हवं. पुढे फाळणीमुळे बंगालमधून निवडून आलेली त्यांची जागा गेली, तेव्हा ज्या काँग्रेसशी भांडण होतं तिनेच त्यांना मुंबईतून निवडून आणलं. ते कायदामंत्री झाले, आणि २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. म्हणजे एक पाऊल समोरूनही पडलं.

२५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं शेवटचं मोठं भाषण वरच्या वर्गांना जरूर वाचून दाखवावं. त्यात त्यांनी इशारा दिला, की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपल्याला समता मिळेल, एक माणूस एक मत, पण समाजात आणि पैशात विषमताच राहील. हा विरोध लवकर दूर केला नाही तर ज्यांना विषमतेचा चटका बसतो ते ही लोकशाही उडवून लावतील. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, आणि बंधुता नसेल तर बाकीच्या दोन गोष्टी पोलीस उभा करून सांभाळाव्या लागतील, हे त्यांनी तिथेच सांगितलं. मला हे महाडशी जोडून शिकवायला आवडतं. ठराव होता, पण तळ्यावर जाता येत नव्हतं. का, ते इथे कळतं.

मंडेला आणि बाबासाहेब

१९९० साल लक्षात ठेवायला सोपं आहे. त्या वर्षी मंडेला २७ वर्षांच्या कैदेतून सुटले, आणि त्याच वर्षी भारतरत्न मंडेलांनाही मिळालं आणि बाबासाहेबांनाही, मरणोत्तर.

दोघांची तुलना करताना एक मोठा फरक सांगावाच लागतो. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. एप्रिल १९९४ मध्ये सर्वांना मत मिळालं, आणि एका निवडणुकीत सत्ता बदलली. मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि हातात सत्ता असताना त्यांनी गोऱ्या लोकांशी समेट केला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसवला. तिथे पीडितांनी आपबीती सांगितली आणि अत्याचार करणाऱ्यांनी कबुली दिली.

बाबासाहेबांची माणसं बहुसंख्य नव्हती. प्रत्येक गावात, गावाबाहेर, थोडी थोडी विखुरलेली. नुसती डोकी मोजायची म्हटलं तर ती प्रत्येक गावात हरणार. म्हणूनच मतदानाचा हक्क एवढीच लोकशाही त्यांना पुरेशी वाटली नाही. मूलभूत हक्क, अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७, राखीव जागा हे सगळं हवं होतं, आणि त्यावर शेजाऱ्याचं मन बदलणंही हवं होतं. बंधुता त्यांच्यासाठी सजावटीचा शब्द नव्हता. ज्याची संख्या कमी त्याचं तेवढ्यावर जगणं अवलंबून असतं.

याचं उदाहरण नागपूरपासून साठेक किलोमीटरवर आहे. १९५२ ची लोकसभा निवडणूक बाबासाहेब मुंबईत हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. तेव्हा तो दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला, की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुजवावं, म्हणजे ते निवडून येतील. बाबासाहेबांनी नकार दिला. दोन्ही मतं वापरा, म्हणाले. ते काही हजार मतांनी हरले, आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ज्यांनी प्रत्येकाच्या मताला किंमत मिळवून दिली त्यांनी स्वतःच्या विजयासाठीही मत वाया घालवू दिलं नाही. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांतल्या शाळांत फारशी कोणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६

नागपूरशी त्यांचं नातं जुनं. मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तेव्हा ते तरुण कार्यकर्ते म्हणून आले होते. जुलै १९४२ च्या परिषदेत इथेच शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. आणि १९५६ च्या विजयादशमीला लक्ष्मीनगरच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानावर, आज जिथे स्तूप आहे तिथे, त्यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या.

थोडी मोठी मुलं इथे एक प्रश्न विचारतात, आणि तो टाळू नये. सगळ्यांना जोडायचं होतं तर धर्म का सोडला? मी क्रम सांगते. १९२७ ला तळं. १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि प्रत्यक्ष दीक्षा १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं. जो रागाच्या भरात निघतो तो एकवीस वर्षं थांबत नाही. दीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की मी देशाला कमीत कमी धोका होईल असाच मार्ग निवडीन असं गांधीजींना म्हटलं होतं, आणि याच मातीतला बौद्ध धम्म स्वीकारून तो शब्द पाळतो आहे. आपली स्वातंत्र्य-समता-बंधुतेची तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत, हे ते १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बोललेच होते.

काही जण म्हणतात की हा तर सरळ विभक्तपणा झाला. मला तसं वाटत नाही. ज्या घरात पाणी मिळत नाही त्या घराच्या उंबऱ्यावर कायम बसून राहणं म्हणजे बंधुता नव्हे. वेगळं घर बांधून मग शेजारी म्हणून ताठ मानेने भेटता येतं. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. पुढचं काम त्यांच्या हातून व्हायचं राहिलं.

वर्गासाठी

शक्य असेल तर शाळेची सहल दीक्षाभूमीला न्यावी, पण दसऱ्याच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या दिवशी. स्तूप नवा आहे, २००१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, हे आधी सांगावं, नाहीतर मुलं तो सम्राट अशोकाच्या काळातला समजतात. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे पणजोबा-पणजी १९५६ ला त्या मैदानावर होते. घरी जाऊन विचारून यायला सांगा. ज्यांच्या घरचं कोणी नव्हतं त्यांनाही काम द्या, की त्यांच्या आजी-आजोबांच्या गावात तेव्हा पाणी कोण कुठून भरायचं ते विचारून यायचं.

वहीत लिहायला पाठ्यपुस्तकाबाहेरचे हे प्रश्न देता येतील. महाडला ठराव १९२४ चा आणि पाणी १९२७ चं, मधली तीन वर्षं तळं कोणामुळे बंद राहिलं? सहस्रबुद्धे परिषदेला आलेच नसते तर त्यांचं काय बिघडलं असतं, आणि तरी ते का आले? भंडाऱ्यात दुसरं मत कुजवलं असतं तर कोणता नियम मोडला असता? आणि शेवटचा प्रश्न, जो पहिलीपासून सगळ्यांना विचारता येतो : मधल्या सुट्टीत डबा खाताना आपल्या वर्गात कोण कोणाजवळ बसतं?